गच्चीवरचा चैत्र

परवा आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. कैरीची डाळ वाटून तयार होती, पन्हं माठात गार होत होतं, गौर झोपाळ्यात बसली होती आणि पुढे आरास मांडून झाली होती. साडेपाचच्या सुमाराला बायका यायला लागल्या. पण त्यातल्या पाच जणींची एक खोड आहे. त्या आल्या की देवघराकडे वळतच नाहीत, चपला काढून थेट गच्चीचा जिना चढायला लागतात.

"अगं, आधी गौरीला हळदीकुंकू तरी वाहा!" सासूबाई खुर्चीतून ओरडल्या.

"आई, गौर महिनाभर आहे. अंधार पडला की गवार दिसायची नाही!" काकू जिन्यावरून म्हणाल्या आणि गुडघा धरत वर गेल्याही.

मैत्रिणींनो, लातूरच्या आमच्या गल्लीत चैत्र असा साजरा होतो. आम्ही सहा जणी. खालच्या आळीतल्या काकू, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, बँकेत नोकरी करणाऱ्या वहिनी, विद्यार्थ्यांचे डबे करणाऱ्या मावशी, निलंग्याकडून लग्न होऊन आलेली एक नवी सून आणि मी. प्रत्येकीच्या घरी चैत्रात एक दिवस हळदीकुंकू, आणि त्या निमित्ताने त्या घरच्या बागेची पाहणी. बाग म्हणजे तरी काय? कुणाची गच्ची, कुणाचं अंगण, कुणाची नुसती खिडकीची जाळी आणि तेलाचे रिकामे डबे. पण पाहणी मात्र अगदी कसून होते. पानं उलटी करून बघतात, मातीत बोट खुपसतात, आणि "हे काय, इतकी पिवळी का पडली?" असं तोंडावर विचारतात.

आमचा एक नियम आहे. आधी काय मेलं ते सांगायचं, मग काय फुललं ते. हा नियम कुठून आला, ते पुढे सांगते.

पुस्तकातला वसंत म्हणजे कोकिळा आणि मोहर. आमच्याकडेही ते सगळं आहे. फाल्गुन सरता सरता कडुनिंबाला बारीक पांढरा फुलोरा येतो, कढीपत्त्याला लालसर कोवळी पानं फुटतात, मोगऱ्याच्या काड्यांवर कळ्यांचे दाणे दिसायला लागतात. पण त्याच दिवसांत पारा चाळिशीकडे सरकतो आणि नळाच्या पाण्याचे दिवस मोजायची वेळ येते. झाडाला सगळ्यात जास्त पाणी हवं असतं तेव्हाच घरातलं पाणी कमी होतं. म्हणून आमच्या बागेची चैत्रातली प्रगती म्हणजे फुलं किती आली एवढंच नसतं. कोण कोण तगलं, हे आधी बघायचं.

तर या वर्षीची पाहणी ऐका. नियमाप्रमाणे सुरुवात माझ्यापासून, कारण घर माझं.

माझं काय मेलं? वांगी, मिरची आणि टोमॅटोची सगळी रोपं. सगळीच्या सगळी! त्याचं असं झालं. माझ्या नणंदबाई इंग्लंडात असतात, लीड्सजवळ. आम्ही दर रविवारी फोनवर बोलतो आणि आमच्या बोलण्यात अर्धा वेळ बागच असते. वन्संकडे परसात सहा बाय आठ फुटांचं छोटं काचघर आहे. मार्चमध्ये त्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर टोमॅटोचं बी लावतात. थंडी सरली की रोपं काचघरात जातात, आणि उघड्या वाफ्यात लावायची तर मे अर्धा उलटेपर्यंत थांबावं लागतं, कारण तोवर एखाद्या रात्री दव गोठू शकतं. माझे टोमॅटो संपत आले की त्यांची रोपं नुकती चार पानांवर येतात! त्यांनी पाठवलेले काचघराचे फोटो बघून माझ्या मनाने घेतलं, की आपणही एक करावं.

माघात मी बांबूच्या कामट्या वाकवून वर पारदर्शक प्लॅस्टिक ताणलं. आमच्या ह्यांनी "हे काय, मच्छरदाणी का?" म्हणून चेष्टाही केली. पण खोटं नाही सांगत, माघातल्या थंड रात्रींत आत बी झकास उगवलं. मी खूश. मग फाल्गुनात औशाला एका लग्नाला गेलो. निघायच्या घाईत मी प्लॅस्टिकची एक बाजू वर गुंडाळायची विसरले. दुपारी चारला परत येऊन बघते तर रोपं उकडलेल्या पालकासारखी मातीवर लोळत होती.

कारण साधं आहे. ऊन प्लॅस्टिकमधून आत जातं, माती आणि हवा तापते, पण ती तापलेली हवा बाहेर पडायला वाट नसते. बंद गाडी उन्हात उभी केली की आत बसवत नाही ना, तसंच. थंड देशात हीच गोष्ट रोपाला जगवते. आपल्याकडे फाल्गुनापासून पुढे तीच मारते. शेतावरच्या मोठ्या पॉलीहाऊसला बाजूचे पडदे वर गुंडाळायची सोय असते, ती उगाच नाही. आपल्या गच्चीला उन्हाळ्यात हवी ती हिरवी जाळी. निम्मं ऊन अडवणारी, म्हणजे दुकानात पन्नास टक्क्यांची म्हणून मिळते ती. आणि ती झाडांच्या डोक्यावर टेकवायची नाही, चांगली उंच बांधायची, चारी बाजूंनी वारा खेळला पाहिजे.

हे सगळं मी वन्संना फोनवर रडकुंडीला येऊन सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. म्हणाल्या, "अगं, गेल्या वर्षी माझी गेली ती काचघराचं दार रात्री उघडं राहिलं म्हणून. एका रात्रीत गारठून काळी पडली. तुझी गेली दार बंद राहिलं म्हणून. आपण दोघी सारख्याच!" तेव्हा कुठे मलाही हसू आलं.

माझं काय फुललं, तेही सांगते. हिरव्या जाळीखाली अळू आणि चुका मस्त आहे, कोथिंबीरही धरून आहे. उघड्या उन्हात भेंडी, गवार आणि चवळी. ही उन्हाळ्याचीच भाजी, तिला जाळी लागत नाही. उलट सावलीत ठेवली तर नुसती उंच वाढते, शेंग धरत नाही.

मग पाळी वहिनींची. त्यांचं रडगाणं टोमॅटोचं. "झाड एवढं तगडं, फुलांनी भरलंय, पण एक टोमॅटो धरेल तर शपथ! फुलं देठातूनच गळतात. खत कमी पडलं म्हणून मी अजून घातलं."

बाईंनी तिथल्या तिथे कान उपटले. "खत नको गं घालूस बिचाऱ्याला! त्याला उन्हाळा लागलाय." दुपारचं तापमान पस्तिशीच्या वर जायला लागलं आणि रात्रीही उकाडा राहिला, की टोमॅटोच्या फुलातले परागकण कामाचे राहत नाहीत. फळ धरत नाही, फूल गळतं. खत घातलं तर पाला वाढतो, बाकी काही नाही. आपल्या भागात टोमॅटो लावायचा तो पावसाळा सरता सरता, म्हणजे थंडीत फळ मिळतं. चैत्रात हाताशी झाड असेलच तर दुपारची सावली द्यायची आणि सकाळी लवकर फुलांच्या घोसाला हलकी टिचकी मारायची, थोडीफार फळं मिळतात. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे बँकेत जायच्या आधी मी टोमॅटोला टिचक्या मारू?" सगळ्या हसल्या. पण मला माहीत आहे, त्या मारत असणार.

बाईंची चूक मात्र मोठी गमतीची निघाली, कारण ती काटकसरीतून झाली. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे. त्यातून पिण्याचं पाणी जेवढं मिळतं त्याहून जास्त पाणी बाजूच्या नळीने वाया जातं. बाईंच्या जिवाला ते बघवेना. त्यांनी वर्षभर ते सगळं पाणी बादलीत धरून झाडांना घातलं. आम्हालाही तसं करा म्हणून सांगितलं होतं! आता त्यांच्या कुंड्यांच्या मातीवर पांढरी साय धरली आहे आणि कढीपत्त्याची नवी पानं पिवळी, नुसत्या शिरा हिरव्या.

ते यंत्र पाण्यातले क्षार काढतं, पण ते क्षार जातात कुठे? त्या टाकाऊ पाण्यातच. आमच्याकडचं बोअरचं पाणी मुळातच जड. त्यात क्षार आणखी दाट झालेले. वर्षभर तेच घातलं की माती खारते. मग मातीत लोह असूनही झाडाला ते उचलता येत नाही आणि पानं पिवळी पडतात. "शाळेत पोरींना क्षार शिकवले मी तीस वर्षं," बाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "आणि माझ्याच कुंडीत मला दिसले नाहीत!" आता त्यांनी ते पाणी फरशी पुसायला आणि संडास धुवायला लावलं आहे. कुंड्यांवरची पांढरी माती खरवडून काढली, वर शेणखत घातलं. पहिल्या पावसात सगळ्या कुंड्या उघड्यावर ठेवणार आहेत. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, दोनचार चांगल्या सरींनी माती धुऊन निघते. फक्त कुंडीच्या तळाचं भोक मोकळं हवं.

मावशींची बाग सगळ्यात हिरवी. त्यांना कारण विचारलं की म्हणतात, "कामून म्हंजे? माझ्याकडं पाणी लई हाय. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी दिवसाला चार बादल्या निघतंय." लातूरला शिकायला आलेल्या पोरांचे डबे करतात त्या, साठ-साठ डबे. तांदळाचं, भाजीचं धुवण त्या एका पिंपात साठवतात आणि त्याच दिवशी घालतात, कारण दुसऱ्या दिवशी त्याला वास येतो. मीठ किंवा साबण पडलेलं पाणी त्यात मिसळू देत नाहीत. आणि समोरच्या रसवंतीवरून उसाची चिपाडं आणतात. ती चार दिवस उन्हात कडक वाळवतात, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात, आणि मग बारीक करून कुंडीतल्या मातीवर तीन बोटं जाड पसरतात. माती झाकली की ऊन थेट तिच्यावर पडत नाही, पाणी उडून जात नाही. मी परवा त्यांच्या कुंडीतली चिपाडं बाजूला सारून बोट घातलं. दुपारी तीनला खालची माती ओलसर होती. माझ्या उघड्या कुंडीत त्याच वेळी भेगा पडल्या होत्या.

निलंग्याच्या सुनेचं मात्र ऐकून वाईट वाटलं. तिला गच्ची नाही. भाड्याची एक खोली, त्याला एक खिडकी. माहेरून येताना आजीने तिला गवार, दोडका आणि चवळीचं बी दिलं होतं, राखेत घोळवून जुन्या कापडात बांधून. राखेने बी कोरडं राहतं, कीड लागत नाही. तेलाच्या डब्यांत तिने ते लावलं. दोडक्याचा वेल खिडकीच्या जाळीवर चांगला चढला होता. एक दिवस पाणी जरा जास्त झालं आणि खालच्या भिंतीवर ओघळ गेला. घरमालकांनी डबे उचलून ठेवायला सांगितले. "मी काही बोलले नाही," ती म्हणाली. "बी तेवढं थोडं राहिलंय."

कुणीच काही बोललं नाही क्षणभर. मग काकूच म्हणाल्या, "हिच्या गच्चीचा तो पूर्वेचा कोपरा मोकळाच आहे की." मोकळा कशाला असेल, तिथे माझं काचघराचं सामान पडलं होतं! पण दुसऱ्या दिवशी मी ते काढलं. आता तिथे तिची गवार गुडघाभर आली आहे. रोज सकाळी सातला ती येते, पाणी घालते, सासूबाईंशी दोन शब्द बोलते आणि जाते. मला कढीपत्ता तोडून द्यायलाही विसरत नाही.

याच पोरीने आम्हाला या वर्षीची सगळ्यात उपयोगी गोष्ट शिकवली. संक्रांतीच्या सुगडांची! आमच्याकडे कुणी त्यांना बोळकी म्हणतं. वाण वाटून झालं की ती माळ्यावर पडून राहतात किंवा फुटतात. हिने ती कुंडीत गळ्यापर्यंत पुरली, पाण्याने भरली आणि वर करवंटी झाकली. कच्च्या भाजणीच्या मडक्यातून पाणी झिरपतं. भोवतालची माती कोरडी असली की जास्त, ओली असली की कमी. म्हणजे झाडाला लागेल तेवढंच मिळतं आणि वरून घातलेल्या पाण्यासारखं उडून जात नाही. शेतात मोठी मडकी पुरून वेल वाढवायची जुनी रीत आहे, तीच ही, कुंडीच्या मापाची. दोन गोष्टी सांभाळायच्या. सुगड रंगवलेलं नको, रंगाने त्याची छिद्रं बुजतात. आणि आधी पाणी भरून रात्रभर ठेवून बघायचं. सकाळी बाहेरून ओलसर लागलं तरच ते कामाचं.

मी आठ कुंड्यांत आठ सुगडं पुरली आहेत. आता एक दिवसाआड भरते. आधी रोज दोन बादल्या लागायच्या, त्या जागी एका बादलीत भागतं. पुढच्या संक्रांतीला सुगडं घेताना मी कुंभारीणबाईंना साधी, बिनरंगाची मागणार आहे.

आता तो नियम. आणि खरं म्हणजे ज्यासाठी मी हे लिहायला बसले, ते.

२०१६ सालचा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली. पाडवा झाला आणि चौथ्या दिवशी, १२ एप्रिलला पहाटे, मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला पन्हं नव्हतं. नुसती कैरीची डाळ, आणि ती खाऊन पाणी मागायचं नाही, हे प्रत्येकीला न सांगता कळत होतं.

तेव्हा माझ्याकडे चाळीसेक कुंड्या होत्या. त्यात एक मोठी सिमेंटची कुंडी सासूबाईंच्या मोगऱ्याची. बटमोगरा. त्यांच्या आईच्या अंगणातला. लग्नानंतर पहिल्या पावसात त्यांनी माहेरून कलम करून आणलेला. दर चैत्रात गौरीला पहिली ओंजळ त्याची असायची.

एका सकाळी टँकरचं पाणी भरून झालं आणि मी बघितलं, आई तांब्या घेऊन मोगऱ्यापाशी उभ्या. माझा हात ओढून ओढून भरून आला होता, रांगेत दोन तास गेले होते. मी बोलून गेले, "आई, माणसांना प्यायला पाणी नाही आणि तुम्ही झाडाला घालताय?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. काही बोलल्या नाहीत. त्यानंतर पुन्हा कधी त्यांना तांब्या घेऊन वर जाताना मी पाहिलं नाही. पण एक पाहिलं. सकाळी चूळ भरलेलं पाणी त्या मोरीत न टाकता एका वाटीत धरायच्या आणि पदराखाली झाकून वर न्यायच्या. मी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. ज्येष्ठात, पाऊस यायच्या आठ-दहा दिवस आधी, मोगरा गेला. काडी मोडून बघितली तर आतून कोरडी ठक्क. आईंनी कुंडी उपडी केली, माती कढीपत्त्याला घातली आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

पुढच्या चैत्रात आम्ही भेटलो तेव्हा प्रत्येकीच्या घरी रिकाम्या कुंड्यांची चळत होती. कुणीच गच्चीवर चला म्हणेना. शेवटी बाई म्हणाल्या, "मी सांगते. माझी बत्तीस गेली." मग दुसरी म्हणाली, माझी वीस. असं करत करत सगळ्यांनी मोजलं. आणि मग कळलं, की एकीचा गवती चहा जगला होता, दुसरीची कोरफड, तिसरीच्या न्हाणीघरामागे कढीपत्त्याचं एक रोप आपोआप आलं होतं. त्याचंच वाटप झालं. तेव्हापासून आधी मेलेलं सांगायचं. लाज वाटत नाही आणि खरं काय ते कळतं. नुसती फुलं दाखवत बसलो असतो तर वहिनींच्या टोमॅटोचं कारण कळलं नसतं आणि बाईंचं खारं पाणी आम्ही सगळ्यांनी अजून घातलं असतं.

कोल्हापूरकडे श्री. अ. दाभोळकर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, त्याचं सूत्र असंच होतं. आपल्या हाताने करून बघायचं, जे दिसलं ते खरंखरं एकमेकांना सांगायचं. सांगलीकडच्या द्राक्षवाल्या शेतकऱ्यांनी त्यातून काय केलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. आम्हा बायकांचं काम ओंजळभर, पण रीत तीच.

तर परवा काकूंच्या अंगणात पाहणी होती. त्यांच्या जास्वंदीला पिठ्या ढेकूण लागला होता, पांढरा कापसासारखा. आम्ही सगळ्या जुने टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून तो घासून काढत होतो. मुंग्यांची रांगही शोधत होतो, कारण मुंग्याच त्या किडीला जपतात. इतक्यात मला वास आला. भिंतीच्या कडेला एका कुंडीत मोगरा. गोल, घट्ट, दाट पाकळ्यांचा.

"काकू, हा कधी आणलात?"

"आणला नाही गं, परत आला. तुमच्याच घरचा आहे. २०११ साली तुझ्या सासूबाईंनी मला दाबकलम करून दिला होता. माझाही त्या उन्हाळ्यात गेला. पण त्याच्या आधी मी त्यातला एक माझ्या लेकीला दिला होता, मिरजेला. तिकडे कृष्णेचं पाणी, तिचा चांगला पसरला. गेल्या पावसात येताना ती घेऊन आली."

मिरजेला! मी तिथेच पायरीवर बसले. पाणी मिरजेहून आलं होतं आणि मोगराही मिरजेतच जाऊन राहिला होता.

काकूंनी ती कुंडी तशीच्या तशी उचलून मला दिली. रिक्षात मांडीवर घेऊन मी घरी आले. आई आता त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत, नजर अधू झाली आहे. मी कुंडी त्यांच्या खुर्चीपाशी ठेवली आणि काहीच बोलले नाही. त्यांनी हाताने चाचपत एक कळी धरली, वास घेतला. बराच वेळ घेतला.

"कुणाकडे होता?"

मी सांगितलं. मग एवढ्या वर्षांत जे बोलले नव्हते तेही बोलले. "आई, तेव्हा मी तुम्हाला पाण्यावरून बोलले होते."

"आठवतंय मला."

"तुम्ही चुळेचं पाणी न्यायच्या, ते मी बघत होते."

"मग हाक का नाही मारलीस? जिना चढताना अर्धं सांडायचं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "तू म्हणालीस ते बरोबरच होतं गं. माणसं आधी. पण झाडाला ते कसं सांगणार?"

थोड्या वेळाने मी म्हटलं, "याच्या काड्या करून आत्ताच सगळ्या जणींना देऊ का?"

त्यांनी झटकन माझा हात धरला. "वेडी का काय! आत्ता कळ्यांवर आहे, आत्ता कात्री लावायची नाही. या उन्हात काडी जगत नाही. मृग लागू दे. खालची फांदी वाकवून शेजारच्या कुंडीत दाब, वर दगड ठेव. दीड-दोन महिन्यांत मुळं धरते. मग कापायची. फुलं संपली की छाट, माघात पाणी तोडून ताण दे, मुळाशी शेणखत घाल. मग बघ पुढच्या चैत्रात." एका दमात सगळं सांगून टाकलं.

यंदाच्या गौरीला पहिली ओंजळ त्याचीच वाहिली. सात फुलंच होती, पण होती.

भिंतीवरच्या कॅलेंडरचं जूनचं पान मी उघडून ठेवलं आहे. मृगाच्या चौकोनात पाच नावं लिहिली आहेत. काकू, बाई, वहिनी, मावशी आणि निलंग्याची पोरगी. आई म्हणाल्या, सहावं नाव लीड्सचं लिही. मी म्हटलं, आई, तिकडे कुंडी कशी पाठवणार? झाडं अशी परदेशात नेता येत नाहीत. तर म्हणाल्या, "बरं, मग मिरजेच्या लेकीचं लिही. तिच्याकडे एक जास्तीचा असू दे. पुन्हा कधी लागला तर?"

लिहिलं आहे.